सवरीच्या रजयांवरचं पाणी

१

सोमवारी सकाळी मी दवलतमंदच्या घरी पोहोचलो, तेव्हा सुनेच्या रजया अंगणात दोरीवर टाकल्या होत्या. मखमलीच्या, रेशमी पट्ट्यांच्या, लग्नात आईनं दिलेल्या चौदा रजया. आमच्या सरेचश्मा गावात नवरीच्या खोलीत पेटीवर त्या छताला टेकेपर्यंत रचून ठेवतात. येणारी बाई आधी रजया बघते आणि मग नवरीचं तोंड. रविवारच्या पावसानं वरच्या नऊ भिजल्या होत्या.

नुसत्या भिजल्या असत्या तर वाळल्या असत्या. पण प्रत्येकीवर ताटाएवढा डाग पडला होता. मध्ये तपकिरी आणि कडेला पिवळा. सवरीनं, म्हणजे सुनेनं, पहाटेपासून साबण घासून हात सोलून घेतले होते. तपकिरी फिका झाला, पिवळा हलला नाही.

"उस्तोला कोणी बोलावलं?" दवलतमंद ओट्यावरून गरजला. सत्तरीचा माणूस, हातात लोखंडी टोकाची काठी. उस्तो म्हणजे मी, गावातला धाबी लिंपणारा कारागीर.

"मी बोलावलं," आतून त्याची बायको सदरी म्हणाली. "धाबं त्यांनी लिंपलंय. गळालं तर त्यांनीच बघायला नको?"

खरंच होतं ते. ऑक्टोबरात सगळ्या गावानं हात लावून ते धाबं लिंपलं, पण चिखल माझा होता. भुसा सात दिवस भिजवलेला, माती तीनदा तुडवलेली. चाळीस वर्षांत माझं धाबं पहिल्याच पावसात गळालेलं नव्हतं.

"बघायचं काही नाही," दवलतमंद म्हणाला. "चिखल चांगला होता. मोडला हिनं. फोन घेऊन वर जाते, रशियाकडे तोंड करून उभी राहते. नोव्हेंबरात बजावलं होतं, या घरातल्या कुणी धाब्यावर चढायचं नाही. हिच्या नवऱ्यानं तिकडं दुसरी केली, आपल्याला विसरला. त्याची वाट बघायची नाही." काठी त्यानं जमिनीवर आपटली. "शुक्रवारी हिचा भाऊ येईल. घेऊन जाईल. पोरगी इथं राहील."

सवरीनं साबणाचा हात पुसला नाही. तिची पाच वर्षांची नोझी तिच्या झग्याला धरून उभी होती.

"अमाक, मी चढले नाही," सवरी सासऱ्याला म्हणाली.

"मग पाणी काय जमिनीतून वर गेलं?"

दवलतमंद मला थोरल्या भावासारखा, म्हणून मी म्हटलं, "अको, शुक्रवारपर्यंत चार दिवस आहेत. पाणी कुठून शिरलं ते मी दाखवतो. मग हवं त्याला हाकला. माझा चिखल खोटा निघाला तर मला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं बघेल असं वाटलं होतं, पण त्याच्या डोळ्यांत भीती होती.

२

लोकांना वाटतं, गळतं तिथंच वर भोक असतं. तसं असतं तर माझी गरजच नव्हती. पाणी धाब्यात शिरलं की खालच्या मातीतून चिनाराच्या वाशावर येतं आणि वाशाच्या पोटाला चिकटून चालू लागतं. वाटेत गाठ लागली, खिळा लागला, भिंत लागली की तिथं टपकतं. सवरीच्या खोलीवरचं छप्पर मी बोटानं चाचपलं. एक चीर नव्हती.

धाब्यावर मी वरच्या शेजाऱ्याच्या, नोरमतच्या, अंगणातून गेलो. आमची घरं डोंगराला पायऱ्यांसारखी बसवलेली आहेत. वरच्याच्या अंगणाची कड ती खालच्याच्या धाब्याची कड. नोरमत आणि दवलतमंद दहा वर्षं एका पन्हळीवरून भांडत होते.

"या उस्तो, या! माझ्यावर आळ घ्यायला आलात ना?" नोरमत अंगणात बसून कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. "गावात पाऊस पडला तरी नोरमतनं पाडला."

"तुझी पन्हळ कुठं तोंड करते?"

"जिथं माझ्या बापानं केली तिथं. नाल्याकडे. दवलतमंदच्या डोक्यावर नाही, इच्छा कितीही असली तरी."

मी त्याच्याच घागरीत लाल माती कालवली आणि त्याच्या अंगणात, पन्हळीच्या मुळाशी, दोन घागरी ओतल्या. मग सवरीच्या खोलीच्या वरच्या भागात कपड्यांची नीळ कालवून आणखी दोन. खाली तिनं गळतीच्या जागी पांढरं ताट धरलं होतं. दुपारपर्यंत थांबलो. ताट कोरडं राहिलं. लाल आलं नाही, निळं आलं नाही.

"झालं समाधान?" नोरमत म्हणाला. मग जरा वरमून, "ती पोर वाईट नाही हो. पण खोटं कशाला बोलू, धाब्यावर उजेड मी पाहिलाय. दोनदा. उत्तरेच्या कडेला, दिवेलागणीला. फोनचा असणार. मीच सांगितलं दवलतमंदला. सांगायला नको होतं का?"

"कुठल्या दिवशी पाहिलास?"

"आता दिवस कोण ध्यानात ठेवतो? कंबर धरली होती म्हणून मशिदीत गेलो नव्हतो, खिडकीत बसलो होतो." तो थांबला. "घरात तळणीचा वास सुटला होता, एवढं आठवतं. दोन्ही वेळा."

तळणीचा वास गुरुवारी संध्याकाळी सुटतो. त्या दिवशी गेलेली माणसं घराच्या उंबऱ्याशी येतात. त्यांना वास पोचावा म्हणून सगळ्या गावात थोडं तेल तापवतात, चार पोळ्या तळतात. नोरमतला मी घागर परत केली. पण फोन करायला गुरुवारच कशाला लागतो, हे माझ्या डोक्यात रुतून बसलं.

३

सदरीनं मला चहाला बसवलं. चुलीपाशी भिजलेल्या रजयांतला कापूस काढून ती छडीनं पिंजत होती. हातातली छडी ठेवून तिनं डाव्या हातानं चहा ओतला. नवी नवरी होती तेव्हापासून डावखुरी म्हणून तिला सासूनं बोलून बोलून घेतलं, पण हात काही बदलला नाही.

"भाभी, तुला काय वाटतं? कोण चढत असेल?"

"मला काय माहीत उस्तो. माझे गुडघे मला ओट्यावरून उतरवत नाहीत." तिचं तोंड पिवळं होतं. पंजकेंतच्या डॉक्टरनं तिला हृदयाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि धक्का बसू द्यायचा नाही म्हणून घरच्यांना बजावलं होतं. थोरला मुलगा हिमलोटात गेला तेव्हा चाळीस दिवस ती शब्द बोलली नव्हती. आता एकटा शोदी होता. रशियात, सुर्गुतला. दीड वर्षात त्याचा फोन नाही.

"तुम्ही शोधा," ती म्हणाली. "सुनेला जाऊ देऊ नका."

"तू सांग ना अकोला."

"मी सांगून चालणार नाही. तुम्हीच शोधायला हवं."

हे बोलणं मला तेव्हा म्हातारपणाचं वाटलं.

सवरी तिच्या खोलीत होती. गळतीखाली ठेवलेलं रविवारचं भांडं तिनं अजून ओतून टाकलं नव्हतं.

"उस्तो, हे बघा. मला वेड लागलंय की खरंच आहे?" तिनं भांडं दारात उजेडाला आणलं. पाण्यावर रंगांची पातळ साय तरंगत होती. कबुतराच्या मानेसारखी.

मी बोट बुडवून नाकाला लावलं. जवसाचं तेल.

पिवळा डाग साबणानं का हलत नाही ते कळलं. पण पावसाच्या पाण्यात तेल कुठून आलं? या खोलीत चूल कधी पेटली नव्हती. सहा वर्षांपूर्वी लग्नासाठी बांधलेली खोली.

"खरं सांग पोरी. एकदाही चढली नाहीस? रागावणार नाही मी."

तिचे डोळे भरले, पण आवाज खणखणीत होता. "चढले असते. रोज चढले असते. रेंज फक्त वरच येते. पण कशानं चढू? शिडी नोव्हेंबरपासून गोठ्यात आहे. गोठ्याला कुलूप आहे. नोरमतचं अंगण भांडणापायी आम्हाला बंद. बर्फ पडला तर काढायलासुद्धा आम्हाला वर जाऊ दिलं नाही. सत्तरीचा माणूस, स्वतः चढून बर्फ ओढत होता. मला वाटलं, माझ्यावर डूख धरून करतायत."

"आणि किल्ली?"

"त्यांच्या कमरेला."

४

मंगळवारी धाबं ओलं होतं. ओल्या धाब्यावर काही वाचता येत नाही, सगळा चिखल एकसारखा दिसतो. बुधवारी ऊन पडलं. ते खाली उतरेपर्यंत मी नोरमतच्या अंगणात वाट पाहिली.

माझ्या चिखलात भुसा भरपूर असतो. तिरपं ऊन लागलं की धाबं सगळं बारीक बारीक चमकतं. पोत्यातून गहू सांडल्यासारखं दिसतं. मी कडेकडेनं डोळे बारीक करून चालत गेलो. सवरीच्या खोलीवर चमक. पुढच्या दालनावर चमक. उत्तरेच्या कडेला, दवलतमंदच्या स्वतःच्या खोलीवर, एक ओळ होती. नाण्याएवढे गोल ठिपके, चमक नसलेले. कुणी तरी साधी माती, भुसा न घालता, थापून बसवली होती. भुशाविना माती वाळली की आकसते. प्रत्येक ठिपक्याभोवती केसाएवढी चीर होती. पाण्याला आणखी काय लागतं?

मी खिळ्यानं एक ठिपका उकरला. खाली बोटभर खोल भोक, आडवं तिडवं नाही, सरळ. काठीच्या लोखंडी टोकाचं. हिवाळ्यात गोठलेल्या चिखलात दुसरं काही शिरलं नसतं. तळाशी जळकी बोरूची कांडी होती आणि तिच्याभोवती काळी पडलेली, तेलकट वात.

अशा वाती आम्ही मेलेल्यांसाठी करतो. बोरूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, तेलात बुडवायची, मातीत रोवायची आणि पेटवायची. कबरीपाशी रोवतात, नाही तर घरात वाळूच्या भांड्यात. धाब्यावर कुणी रोवत नाही. धाबं लिंपणारा तर स्वप्नातही रोवणार नाही. पण ज्याला घरात रोवता येत नाही आणि कबरीपाशी जाता येत नाही, तो कुठं रोवणार?

मी सगळी भोकं उकरली. एकवीस.

ओळीच्या मागे चिखलात दोन उथळ खळगे झाले होते, शेजारी शेजारी. गुडघ्यांचे. नमाज पढणाऱ्याचे असते तर तोंड पश्चिमेला असतं आणि पुढे कपाळाची जागा असती. हे उत्तरेकडे होते. खाली नदी, नदीकाठचा रस्ता, आणि त्या रस्त्यानं आमची पोरं जातात ती दिशा. वाट बघणारा माणूस उभा राहतो. गुडघे मोडून, हात पुढे धरून आम्ही बसतो ते एकाच गोष्टीसमोर. कबरीसमोर.

मी बोटांवर मागे मोजत गेलो. एकवीस गुरुवार. शेवटचा गेल्या आठवड्यातला. पहिला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्या आठवड्यात शिडी गोठ्यात गेली. त्याच आठवड्यात दवलतमंदनं मशिदीसमोर सगळ्यांना ऐकवलं की शोदीनं तिकडं दुसरी केली, त्याचं नाव माझ्यासमोर घेऊ नका. आणि त्याच्या दोन दिवस आधी खालच्या गावचा सैमुरोद रशियाहून परतला होता. दवलतमंदशी बोलत तो पुलावर उभा होता. मी स्वतः पाहिलं होतं त्यांना. दवलतमंदनं पुलाचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

उतरण्याआधी एकवीस जळक्या वाती मी रुमालावर ओळीनं मांडल्या, कारण काही तरी खटकत होतं. पहिल्या चार वेड्यावाकड्या होत्या, कापडाच्या चिंधीच्या. पाचवीपासून पुढं सगळ्या कापसाच्या होत्या, पिंजलेल्या, एकसारख्या, घट्ट. मी एक उलगडली. मग दुसरी. पीळ उलटा होता.

मी त्या सगळ्या रुमालात बांधल्या आणि उतरलो.

५

गुरुवारी नोरमतच्या घरातून तळणीचा वास सुटला तेव्हा मी त्या कडेला बसलो होतो. शिडी भिंतीला लागल्याचा आवाज आला. आधी काठी वर आली, मग दवलतमंद.

"उस्तो? इथं काय करतोस?"

"भोकं मोजतोय, अको. एकवीस झाली. बाविसावं पाडायच्या आधी जरा बसा."

तो बसला नाही. त्याच्या मुठीत वात होती. ती त्यानं बाहीत सारली, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखी.

"पाणी इथून शिरलं," मी म्हटलं. "तुमच्या खोलीवरून वाशानं चालत गेलं आणि भिंतीपलीकडं सवरीच्या रजयांवर पडलं. वातीचं तेल बरोबर घेऊन." मग थांबून विचारलं, "शोदी कधी गेला?"

तो नदीकडे वळला.

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात," तो म्हणाला. "बांधकामाच्या फळीवरून. खाली बर्फ होता, पण बर्फाखाली लोखंड. खिशात कागद नव्हते म्हणून कुणाला कळवलं नाही, तिथंच पुरला. पाटीवर नंबर आहे. नाव नाही. सैमुरोदनं शोधून काढलं. टोपी आणलीन माझ्याकडे." तो खळग्यांत गुडघे टेकून बसला. इतका अचूक, की मला मान वळवावी लागली. "नंबर मला पाठ आहे."

"घरात सांगितलं का नाही?"

"सदरीला मारून टाकू? थोरला गेला तेव्हा कशी झाली होती, पाहिलंस ना."

"आणि सुनेला का हाकलता? तिचा काय गुन्हा?"

"गुन्हा कसला? सव्वीस वर्षांची आहे ती. मेलेल्या माणसाची वाट बघत इथं म्हातारी होईल. जा म्हटलं तर जात नाही, चांगली आहे म्हणून. अपमान करून काढली तर जाईल. परत तोंड बघणार नाही माझं. बरंच आहे."

"अको, नवरा मेला हे कळल्याशिवाय तिला दुसरं कोण विचारणार? टाकलेली म्हणूनच राहील ती. आणि पोरगी? पोरगी का ठेवून घेता?"

या प्रश्नावर त्याचा चेहरा मोडला.

"तिचं नाक शोदीचं आहे," तो म्हणाला.

खाली अंगणात सवरी नोझीला हाक मारत होती. उद्या जायचं म्हणून गाठोडं बांधलेलं होतं.

"आणखी एक विचारतो," मी म्हटलं. "वाती कोण वळतं?"

"मीच. पहिल्या चार झग्याच्या अस्तराच्या केल्या. मग ओट्यावरच्या कोनाड्यात तयार सापडल्या, तेलाच्या डब्यामागं. सदरीनं कधी तरी आपल्या गेलेल्या आईसाठी केल्या असतील."

"किती होत्या?"

"सात-आठ असतील."

"तुम्ही तिथून सतरा उचलल्यात. ही अठरावी. संपल्या कशा नाहीत?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या बाहीतून वात काढून घेतली आणि त्याच्या समोर धरली. "पीळ बघा. गावातली कुठलीही बाई कापूस उजवीकडं वळते. हा डावीकडं आहे."

बाकीचं मला बोलावं लागलं नाही. त्याचे ओठ हलले. तो मोजत होता. पाचव्या गुरुवारपासून.

आम्ही खाली उतरलो. सदरी समोवारापाशी बसली होती. नवरा आत आला, त्याच्या हातात न जळलेली वात होती. तिनं आधी ती पाहिली, मग त्याला.

"आज लवकर उतरलात," ती म्हणाली. "वाऱ्यानं पेटली नाही का?"

दवलतमंद तिच्यासमोर येऊन बसला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"झग्याचं अस्तर शिवायला घेतलं तेव्हापासून. पट्ट्या फाडलेल्या होत्या, एकसारख्या. आणि दर गुरुवारी तुमच्या दाढीला तेलाचा वास." ती शांत होती. शांतपणा आमच्यासमोरचा होता. ओढणीखाली तिची बोटं एकमेकांत पिळली जात होती. "तुम्ही माझ्यासाठी लपवत होता. मी बोलले असते तर तुम्हाला वर जाऊन रडायला जागा कुठली राहिली असती? म्हटलं, वाती तरी नीट असू देत. तुमच्या वाती धुरकट जळतात."

"मग उस्तोला का बोलावलंस?"

"सुनेला हाकलायला लागलात म्हणून. तिथं मला गप्प बसवेना. आणि तोंडानं सांगायचं बळ नव्हतं."

दवलतमंदनं वात तिच्या मांडीवर ठेवली. त्या संध्याकाळी ती वात धाब्यावर गेली नाही. वाळूच्या भांड्यात, घराच्या उंबऱ्याच्या आत लागली.

६

शुक्रवारी सकाळी सवरी केर काढत अंगणात आली. गाठोडं दाराशी होतं. दवलतमंद खोलीतून बाहेर आला. त्यानं चट्ट्यापट्ट्यांचा झगा घातला होता आणि कमरेला फडकं घट्ट बांधलं होतं. दोन्ही हात काठीवर.

आमच्याकडे पुरुष असा उभा राहतो तो घरात मयत झाली की. दारात उभं राहायचं असतं, येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारून रडायचं असतं. त्या घरात त्या दिवशी कुणी मेलं नव्हतं. सवरीनं सासूकडे पाहिलं. सदरी उंबऱ्यात दुखवट्याचा निळा रुमाल बांधून उभी होती. सवरीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातला झाडू पडला.

कुणी एक शब्द बोललं नव्हतं. ती ओरडली, ते नोरमतच्याही वरच्या घरांत ऐकू गेलं.

दुपारी तिचा भाऊ गाडी घेऊन आला, बहिणीला बदनामीतून न्यायला. त्याला दारात अर्धं गाव रांगेनं उभं दिसलं. नोरमत सगळ्यात पुढं होता, दवलतमंदच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडत होता. दवलतमंदनं त्याला बाजूला केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "छप्पर मी फोडलं. केलिनवर, माझ्या सुनेवर, आळ घेतला तो खोटा होता. ती कधी वर चढली नाही. सवरी, पोरी, मला माफ कर. केलं नाहीस तरी माझं काही म्हणणं नाही."

सवरी बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. तिचा आवाज बसला होता.

"दुखवट्याचं वर्ष होईपर्यंत मी इथं राहीन," ती म्हणाली. "त्याच्यासाठी. तुमच्यासाठी नाही. मग माहेरी जायचं की राहायचं ते मी ठरवीन. आणि नोझी मी जिथं असेन तिथं असेल."

"असेल," दवलतमंद म्हणाला.

"माफीचं मला आज विचारू नका, अमाक."

त्यानं मान खाली घातली. भाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेला.

तीन दिवस झाल्यावर मी चिखल कालवला. या वेळी भुसा नीट भिजेपर्यंत थांबलो नाही, पुन्हा पाऊस भरून आला होता. शिडी भिंतीला उघडी लागली होती. वर ओळीपाशी बसलो, तर मागून सवरी चढून आली. नोव्हेंबरनंतर ती पहिल्यांदाच धाब्यावर येत होती. तिनं नदीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. खिशातला फोन बाहेर काढला नाही.

"द्या, मी बुजवते," ती म्हणाली. "यातलं पहिलं कुठलं?"

मी दाखवलं. तिनं चिखलाची गोळी करून बोटानं आत दाबली. "या आठवड्यात मी त्याच्यासाठी मोजे विणायला घेतले होते," ती म्हणाली. पुढचं. "या आठवड्यात नोझीचा दात पडला. त्याला दाखवायला ठेवलाय." पुढचं. काही भोकं तिनं नुसतीच बुजवली. मी चिखल पुढं करत राहिलो.

बाराव्याशी तिचं बोट थांबलं.

"या आठवड्यात मी त्याला शाप दिला, उस्तो. दुसरी केली म्हणतात ना, म्हटलं, मरू दे तिकडंच."

पश्चिमेकडून पहिले थेंब यायला लागले होते. अजून दहा भोकं उघडी होती.

"तेव्हा तो ऐकायला नव्हता, पोरी," मी म्हटलं. "दाब. चिखल ओला आहे तोवर बसतो."

तिनं दाबलं. मग तळहातानं वरून सारखं केलं, आणि तेराव्याकडे सरकली.